काम बोला

नमस्कार केला की कपाळावरची शीर तट्ट फुगते, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. धारच्या वायरलेस खोलीत ते आमचे हेड ऑपरेटर होते. मला मोर्सची टकटक त्यांनीच शिकवली, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणायचो. तुम्ही हात जोडून "नमस्कार मास्तर" म्हटलंत की ते हेडफोनचा एक कान बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "काम बोला." काम नसेल तर आल्या पावली परत जायचं. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेलेल्या माझ्या आईलाही त्यांनी दारातच "काम बोला" म्हटलं होतं. आईनं ताट त्यांच्या बायकोच्या हातात दिलं, घरी आली आणि मला म्हणाली, "तुझा साहेब माणूस आहे का तारेचा खांब?"

त्यांच्यावर मी पुष्कळ चिडलेलो आहे. पण हे लिहायला बसलोय ते त्या रागापायी नव्हे. त्यांच्याशी जे वाईट वागले, त्यांच्यावरचा माझा राग इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही आणि तो उतरवायचा माझा विचारही नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. निवळू देत ज्यांना निवळायचंय ते.

संस्थानं विलीन होऊन थोडेच दिवस झाले होते. दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेल्या घरांपैकी आमचं घर. आजोबा पागेत होते, वडील कोठीवर, आणि मी मॅट्रिक होऊन वायरलेसवर लागलो. गंमत अशी की नव्या सरकारनं वायरलेसची खोली त्या जुन्या पागेतच काढली होती, किल्ल्याच्या उतारावर. पावसाळ्यात भिंतींना अजून घोड्यांचा वास यायचा. एका टेबलावर सेट, शेजारी टकटक करायची कळ, कोपऱ्यात एक चूल, आणि दारावर मास्तरांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी: "आत बोलू नका. बाहेर तर मुळीच बोलू नका."

मास्तर मूळचे देवासचे. त्या गावात रस्त्याच्या अल्याड एक राज्य आणि पल्याड दुसरं. दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि मध्ये बैलगाडीभर रुंदीचा रस्ता. मास्तर म्हणायचे, "आमच्याकडे एका राज्यात शिंकलं की दुसऱ्या राज्यात खबर जायची. गुप्तपणा आम्ही पाळण्यात शिकलो." त्यांचं बाकीचं शिक्षण लढाईत झालं. सिग्नल पलटणीत होते, पण निरोप पाठवायला नव्हे, ऐकायला. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर पत्र्याच्या खोपटात बसून शत्रूचे निरोप कानांत साठवायचे, हे त्यांचं काम. तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले. एक, उजव्या कानात कायमचा नाद. दुसरी, नमस्काराचा तिटकारा.

सवय या गोष्टीचीही त्यांना चीड होती. घरून कचेरीत येताना एक दिवस तालाबाच्या बाजूनं यायचे, एक दिवस बाजारातून, तर कधी उगाचच किल्ल्याला वळसा घालून घामाघूम होऊन यायचे. नाक्यावरच्या हॉटेलात सगळं धार सकाळी पोहे खायचं. मास्तर आज पोहे, उद्या नुसती सेव, परवा काहीच नाही. हॉटेलवाला एकदा कौतुकानं म्हणाला, "मास्टरसाब, आपका रोज का क्या है, बता दो, मैं लगा के रखूं." मास्तर त्या हॉटेलात पुढे महिनाभर गेले नाहीत.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. फार गोड बाई. जुन्या घरातल्या, त्यामुळे नवऱ्याचा उल्लेख "इकडून" असाच करायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, मास्तर घरीही असेच?" तर म्हणाल्या, "अगोबाई, सप्तपदीला भटजींना इकडून विचारणं झालं होतं, सगळे हीच सात पावलं का टाकतात म्हणून. माझे वडील तेव्हाच मागे फिरणार होते."

कामाच्या बाबतीत मात्र आम्हांला हसायची सोय नव्हती. वापरलेला प्रत्येक कागद चुलीत जायचा आणि त्या जाळावर आमचा चहा व्हायचा. राख मास्तर स्वतः चुरायचे. बाजारात आमच्यापैकी कोणी "आज फार काम होतं" एवढं जरी बोललं, तरी दुसऱ्या दिवशी त्याला अख्खी पाळी दारापाशी स्टुलावर तोंड मिटून बसायला लागायचं. मी बसलोय. मनातल्या मनात त्यांना शिव्या देत बसलोय.

आणि त्यांचा कान! प्रत्येक ऑपरेटरचा कळ दाबायचा ढंग वेगळा असतो. त्याला ते "हात" म्हणायचे. देवासहून निरोप यायला लागला की पहिल्या चार टकटकींत सांगायचे, "आज तो लंबू बसलाय. घरी भांडून आलाय." पुढे कधीतरी लंबू भेटला की आम्ही विचारायचो आणि तो चाट पडायचा. मास्तर म्हणायचे, "सरकारला दोन कान आणि एक तोंड हवं. कानांनी दुसऱ्याचं ऐकायचं, आणि तोंड असं झाकायचं की आपलं बोलणं दुसऱ्याच्या कानाला लागू नये. आपल्या सरकारला कान नाहीतच. नुसतं तोंड आहे."

ते तोंड म्हणजे देवासला बसणारे आमचे बडे साहेब. हे एका सरदार घराण्यातले. राज्य गेलं, पण त्यांना नव्या सरकारात खुर्ची मिळाली. धान्यावर कंट्रोल होता, काळाबाजार मातला होता, आणि साठेबाजांवर धाडी घालायचं काम या साहेबांकडे होतं. कुठल्या गावी कुणाच्या गोदामात गहू दडवलाय याची बातमी धारला यायची, आम्ही ती गुप्त लिपीत देवासला पाठवायचो, आणि साहेब तिथून लॉऱ्या सोडायचे. लिपी साधी होती. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. कुठल्या जागी कुठलं, याचं कोष्टक रोज बदलायचं आणि आठवड्याची कोष्टकं सीलबंद पाकिटातून यायची.

इथपर्यंत सगळं ठीक. पण साहेबांना पाठवायच्या प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर एक मायना हवाच, असा हुकूम होता: "श्रीमंत सरदार साहेब बहादुर की सेवा में सविनय मुजरा." मग खाली मजकूर चार शब्दांचा का असेना. संस्थान गेलं, तोफांची सलामी गेली, पण मुजरा काही सुटला नव्हता. समोर वाकणारी माणसं पुरत नव्हती म्हणून साहेब वायरलेसवरही वाकवून घेत होते.

मास्तर या मायन्यानं वेडेपिसे व्हायचे. "अरे, कुलूप रोज नवं लावता आणि किल्ली रोज त्याच कोनाड्यात ठेवता! ज्याला ठाऊक आहे की पहिली ओळ मुजऱ्याचीच असणार, त्याला कोष्टक चोरायची गरज काय? ती ओळ समोर ठेवली की निम्मं कोष्टक आपोआप हातात येतं." मायना काढून टाकावा म्हणून त्यांनी वरती अर्ज केला. तो परत आला. त्यावर साहेबांच्या नायबाचा शेरा होता, "अर्जास योग्य मायना नाही, सबब परत." मास्तरांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा मायन्याशिवाय. पुन्हा परत. मी म्हटलं, "मास्तर, एकदा लिहा ना तो मुजरा, अर्ज तरी वाचतील." तर माझ्याकडे असं बघितलं की मी सेट पुसायला लागलो.

एका दुपारी पाऊस लागला होता, निरोप काही नव्हते. तेव्हा त्यांनी लढाईतली एकच गोष्ट सांगितली. पलीकडच्या डोंगरात शत्रूची एक चौकी होती. तिथला ऑपरेटर रोज सकाळी आपल्या सेनापतीला निरोप पाठवायचा, आणि रोज आधी अदबीचा तोच लांबलचक मायना. मास्तर महिनोन्‌महिने त्याचा हात ऐकत होते. खोकला झाला तर त्याचा हात अडखळायचा, तेही कळायचं. त्या मायन्यावरून शत्रूची लिपी उलगडली, चौकीचा पत्ता कळला, आणि दुसऱ्या दिवशी विमानं गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तो हात पुन्हा ऐकू आला नाही." मास्तरांनी कान चोळला. "नम्र माणूस होता बिचारा. नम्रपणानं मेला. आणि मला नमस्कार करू नकोस म्हटलं की तुम्ही लोक हसता."

त्यानंतर मी त्यांना नमस्कार केला नाही.

धाडींचं म्हणाल तर पहिली बदनावरला पडली. लॉऱ्या पोचल्या तेव्हा गोदाम झाडून सारवून लख्ख. परत आलेला शिपाई आमच्या दारात उभा राहून सांगत होता, "अरे भिया, गोदाम में चूहा भी नी मिल्यो! ने सेठ ने तो पोहे बना राख्या था, प्लेटां गिन के!" मग कन्नौदला तेच झालं, मग मनावरला. तिकडे रेशनच्या दुकानासमोर बाया उन्हात उभ्या राहून रिकाम्या पिशव्या घेऊन घरी जात होत्या, आणि इकडे शेठ लोक पोलिसांना जिलेबी वाढत होते. कुणीतरी आतून फोडतंय, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मास्तर म्हणाले, "मायना." वर कुणी ऐकलं नाही. साहेबांच्या नायबानं चौकशी काढली. तिन्ही निरोप माझ्या हातून गेलेले. आणि माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे जिजाजी, बदनावरला एका अडत्याकडे तोलाई करायचे. झालं! आणखी काय हवं? मला कामावरून बसवलं, दारात शिपाई बसवला, आणि जिजाजींना उचलून ठाण्यात नेलं. तिथे त्यांना मारलं. गरीब माणूस, दिवसभर पोती तोलणारा, त्याला विचारत होते की लिपीचं कोष्टक कुठंय. त्यानं आयुष्यात कोष्टक पाहिलं होतं ते पाढ्यांचं. बहीण पोरांना घेऊन आमच्याकडे आली. आई तिच्यासमोर रडायची नाही, स्वयंपाकघरात जाऊन रडायची. माझी नोकरी जाणार हे नक्की होतं, प्रश्न इतकाच होता की किती वर्षांची सजा होणार आणि जिजाजी धड घरी येणार का.

चौकशी देवासला, साहेबांच्या बंगल्यावर होती. मास्तरांना साक्षीला बोलावलं होतं. आम्ही एकाच मोटारीनं गेलो. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, हा दगड माझ्यासाठी काय बोलणार!

साहेब मोठ्या खुर्चीत, बाजूला नायब, भिंतीवर तलवारी. आत शिरलेला प्रत्येक माणूस मुजरा करत होता. मीही केला, माझी मान तेव्हा सुळावर होती. मास्तर ताठ उभे राहिले.

साहेब म्हणाले, "आपण हेड ऑपरेटर. आपल्या हाताखालचा माणूस फितूर निघाला. आपलं म्हणणं काय?"

"काम सांगतो," मास्तर म्हणाले. "हा फितूर नाही. चोर तुमच्या मायन्यात बसलाय. तो मुजरा ज्याला पाठ आहे त्याला तुमचा कुठलाही निरोप वाचता येईल. कुणीतरी बाहेर सेट लावून वाचतोय. लढाईनंतर असे सेट भंगारात विकलेत सरकारनं."

नायब हसला. साहेबही हसले. "वाचता येईल म्हणता. कुणाला?"

"मला. आत्ता. पुढल्या आठवड्याचं पाकीट अजून फोडलेलं नाही. तुमच्या नायबांनी ते आत नेऊन फोडावं, वाटेल तो निरोप लिहावा, लिपीत घालून मला द्यावा. कोष्टक मला दाखवू नका. मी इथं बसून वाचतो."

साहेबांना खेळ आवडला. नायब आत गेला. बऱ्याच वेळानं अक्षरांनी भरलेला एक कागद घेऊन बाहेर आला, आणि गालातल्या गालात हसत तो मास्तरांच्या हाती दिला. मास्तर खिडकीच्या कट्ट्यावर बसले, खिशातून पेन्सिल काढली. साहेबांनी चहा मागवला. नायब काही खुळा नव्हता. मायन्यात खोट आहे असं भर खोलीत बजावून सांगितल्यावर कुठला माणूस मायना लिहील? चार शब्द नुसते लिहिले असले तर मास्तर रात्रीपर्यंत डोकं फोडत बसणार, आणि मी सरळ तुरुंगात जाणार.

साहेबांचा चहा संपायच्या आत मास्तर उठले. कागद लांब धरला आणि बाजारभाव वाचावेत तशा आवाजात वाचला:

"श्रीमंत सरदार साहेब बहादुर की सेवा में सविनय मुजरा. यह बूढ़ा पागल है. इसको सात जनम में पढ़ना नहीं आएगा."

नायबाचं तोंड काळवंडलं. त्यानं मायना लिहिला होता! चोर कुठंय ते सांगितल्यावरही लिहिला होता! मागाहून तो कुणाजवळ तरी म्हणाला म्हणे, "साहेबांकडे जाणारा कागद मुजऱ्याशिवाय कसा लिहायचा? हात धजत नाही." पिढ्यान्‌पिढ्या वाकलेल्या माणसाला तुम्ही विहीर दाखवलीत तरी तो वाकूनच तिच्यात पडणार.

मी सुटलो, हे मला कळलं. एवढ्यात साहेब पुढे झुकले.

"म्हणजे हे आपल्याला वाचता येतं."

"येतं."

"पाकीट न फोडता."

"न फोडता."

"इतर कुणास येतं, असं आपण पाहिलं आहे?"

"पाहिलेलं नाही."

"मग बाहेर कोण सांगत होतं, हे आता आम्ही आणखी कुणास विचारावयाचं?" साहेब खुर्चीत मागे टेकले. "या पोराला सोडून द्या."

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं एवढं आठवतं. आत मास्तर तसेच उभे होते. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. पुढे काकूंनी मला सांगितलं, त्या दिवशी सकाळी घरून निघताना मास्तर म्हणाले होते, "संध्याकाळी बेकार होऊन येईन. पिठलं कर." म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. जो दार उघडून दाखवतो त्यालाच चोर म्हणतात, हे त्याला आधीच दिसलं होतं, आणि तरी तो पेन्सिल खिशात घालून निघाला होता. एका पोरासाठी, जो स्टुलावर बसून त्याला शिव्या द्यायचा.

मास्तरांवर काही शाबीत झालं नाही. शाबीत करायला होतंच काय! पण "विश्वासास अपात्र" म्हणून काढलं आणि निवृत्तिवेतन गोठवलं. जिजाजी घरी आले. त्यांचा डावा हात पुढे कधी धड वर गेला नाही. मोटारस्टँडवर मी मास्तरांना म्हटलं, "मी राजीनामा देतो." ते म्हणाले, "दे. त्या खुर्चीवर नायबाचा भाचा बसेल आणि दोन्ही हातांनी मुजरे पाठवील. बस गुपचूप." आणि मोटारीत चढले. हातही हलवला नाही.

पुढचं ऐका. माझं डोकं अजून तडकतं ते इथं. काही महिन्यांतच देवासहून एक परिपत्रक आलं: "गुप्त निरोपांत यापुढे अभिवादनपर मजकूर लिहू नये. बडे साहेबांनी जातीने अभ्यास करून ही सुधारणा सुचविली आहे." जातीनं अभ्यास! मग धाडी यशस्वी व्हायला लागल्या. साहेबांची वाहवा झाली, हारतुरे झाले. आणि एका धाडीत मनावरकडच्या एका जिनिंगमध्ये, सरकीच्या ढिगामागं, लष्करी भंगारातला एक सेट सापडला. त्यावर हेडफोन लावून बसलेला माणूस जुना सिग्नलवाला होता. ठाण्यात त्यानं सरळ सांगून टाकलं, "साब, मुजरे से ही पकड़ते थे. अब मुजरा बंद हो गया तो धंधा भी बंद."

मी तो जबाब ऐकला आणि तडक देवासला साहेबांकडे गेलो. म्हटलं, आता तरी मास्तरांना परत घ्या. साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे आम्ही त्याच दिवशी ओळखलं होतं. पण बोलण्याची काही रीत असते की नाही? आमच्यासमोर मुजरा न करता उभा राहिलेला तो पहिला माणूस."

त्याच दिवशी ओळखलं होतं! हे वाक्य मी आजवर कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे, आणि दर वेळी माझ्या मुठी वळतात.

दसऱ्याला मी सोनं घेऊन मास्तरांकडे गेलो. देवासच्या टेकडीखाली एका खोलीत ते रेडिओ दुरुस्त करत. दारावर पाटी नव्हती. मी आपट्याचं पान पुढे केलं तर म्हणाले, "आज येशील हे मला ठाऊक होतं. सगळे आजच येतात. काम बोल."

मी जिनिंगमधल्या सेटची हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, म्हातारा एकदा तरी हसेल, नाहीतर साहेबाला एक शिवी घालील. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"तो ऐकणारा कोण निघाला?"

"पलटणीतून सुटलेला सिग्नलवाला. सरकारी नोकरीसाठी खेटे घालत होता म्हणे. मिळाली नाही. मग शेठनं ठेवला."

"त्याचं काय केलं?"

"तुरुंगात टाकलं."

मास्तरांनी हातातला तारांना डाख द्यायचा लोखंडी तुकडा खाली ठेवला, आणि मग मात्र भडकले. तसे भडकलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "गाढवं! त्याला कामावर घ्यायला हवा होता! सरकीच्या धुळीत बसून भंगारातल्या सेटवर ऐकतो, असा कान मिळतो कुठं? देशाला कान नाहीत म्हणून मी बोंबलतोय, आणि जे दोन होते त्यातला एक यांनी तुरुंगात घातला..." दुसरा कुठं आहे ते त्यांनी म्हटलं नाही. समोर कुणाचा तरी मोडका रेडिओ पडला होता. त्यांनी पुन्हा त्यात डोकं घातलं. काकूंनी मला चहा दिला.

पुढे दोन-तीन वर्षांत काकूंचं एका ओळीचं कार्ड आलं. मास्तर गेले होते. तेराव्याला मी देवासला गेलो. खोलीत माणसं फार नव्हती. लंबू होता, दोन-चार रेडिओवाली गिऱ्हाइकं, शेजारपाजारचे. स्टुलावर मास्तरांचा फोटो, त्याला हार. तो हार पाहूनच माझं पित्त खवळलं होतं, पण काकूंनी घातला होता, म्हणून मी गप्प बसलो.

एवढ्यात बाहेर मोटार थांबली. साहेब आले. मागं नायब, त्याच्या हातात भलामोठा हार, आणि गावातल्या छापखान्याचा एक बातमीवाला. माणसं उठून बाजूला झाली. नायबानं हार फोटोला घातला आणि साहेब समोर उभे राहिले. मग कमरेत वाकून, हात जमिनीकडे नेऊन, त्यांनी मास्तरांना मुजरा केला. रीतसर, तीन वेळा. सरळ झाले, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "राजमान्य, कर्तव्यनिष्ठ, परम आदरणीय..."

"काम बोला, साहेब," मी म्हणालो.

मी अजून त्यांच्याच हाताखाली नोकरीला होतो. नायबानं माझ्याकडे असं पाहिलं की उद्या बदलीचा कागद येणार हे तिथंच ठरलं, आणि आलाही. साहेब माझ्याकडे वळले. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नमस्कार झाला. आता काम बोला. गोठवलेलं निवृत्तिवेतन काकूंना द्यायला आलात का? चूक झाली म्हणून सांगायला आलात? काय काम आहे?"

साहेबांनी नायबाकडे पाहिलं. बातमीवाल्यानं पेन्सिल खाली केली. सगळी खोली वाट बघत होती. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही, लंबूसुद्धा नाही.

त्यांना काही काम नव्हतं. ते आले तसे परत गेले. काकू उठल्या, नायबानं घातलेला हार फोटोवरून काढला, आणि मग स्वतः घातलेलाही काढून शेजारी ठेवला.